जबलपूर : आत्याच्या गोष्टींचं गाव

तुमच्या लहानपणी माकड आणि मगरीची गोष्ट कुठे घडायची? बहुतेकांच्या मनात एक चित्रातली नदी असते, तिच्या काठी जांभळाचं झाड असतं आणि पुस्तकाचं पान उलटलं की नदी संपते. आमची नदी संपायची नाही. आमच्यासाठी ती गोष्ट जबलपूरजवळ भेडाघाटला घडलेली होती. नर्मदेच्या दोन्ही बाजूंचे संगमरवरी कडे तिथे एका जागी इतके जवळ येतात, की एकेकाळी माकडं या काठावरून त्या काठावर उडी मारायची असं सांगतात. त्या जागेचं नावच बंदरकुदनी. म्हणजे माकड तिथलंच, हे उघड होतं. आणि मगर तर नर्मदामाईचं वाहन. आम्हा भावंडांना आणखी काय पुरावा हवा होता?

गेल्या वर्षी दिवाळीनंतर नऊ वर्षांच्या नातीला घेऊन मी जबलपूरला गेले. माझं माहेर ते. लग्न होऊन पुण्याला आले त्याला चाळीस वर्षं होऊन गेली. नात पुण्यातच वाढलेली, पण इंग्रजी शाळेतली. मराठी सगळं समजतं, उत्तर मात्र निम्म्या इंग्रजीत येतं. निघण्याआधी मी तिला म्हटलं, "आपण गोष्टींच्या गावाला चाललोय." तिनं विचारलं, "म्हणजे थीम पार्क आहे का आजी?"

जबलपूरला मराठी माणसं कशी, असं पुण्यात मला अजूनही कोणीतरी विचारतं. अहो, अठराव्या शतकाच्या अखेरीस हा मुलूख नागपूरकर भोसल्यांकडे आला होता आणि १८१७ साली इंग्रजांनी तो घेतला. पुढे नागपूर आणि जबलपूर शंभर वर्षं एकाच प्रांतात होती. रेल्वे, तोफगाड्यांचा कारखाना, कचेऱ्या, शाळा, सगळीकडे आपली माणसं नोकरीला. १ नोव्हेंबर १९५६ ला नवं मध्यप्रदेश राज्य झालं, त्याचं हायकोर्ट जबलपूरला आलं आणि कोर्टाच्या दप्तरांबरोबर नागपूरची कितीतरी कुटुंबंही आली. आमचे आजोबा त्यांतलेच एक, कारकून. राइट टाउनमध्ये भाड्याचं घर घेतलं ते कायमचं. शाळेत हिंदी, शेजारी बुंदेली, घरात मराठी. आमची मराठीही अशी, की पुण्यात पहिल्यांदा 'मला भूक लागून राहिली' म्हटलं तेव्हा सासरची मंडळी तोंडावर पदर धरून हसली होती.

उन्हाळ्यात गच्चीवर संध्याकाळी बादल्या ओतायच्या. तापलेल्या फरशीतून वाफ निघायची. ती निवली की ओळीनं गाद्या. मग गोष्टी. आजीच्या गोष्टी ठरलेल्या होत्या: मेणाच्या घरातली चिऊ, शेणाच्या घरातला काऊ, लेकीकडे जाऊन धष्टपुष्ट होऊन भोपळ्यात बसून परत येणारी म्हातारी. श्रावण असला तर आटपाट नगराच्या कहाण्या. आजीची गोष्ट कधी बदलायची नाही. एक शब्द इकडचा तिकडे झाला तर आम्हीच ओरडायचो.

आत्याचं उलटं होतं. तिची एकही गोष्ट दोनदा तशीच आली नाही.

आत्या, म्हणजे बाबांची धाकटी बहीण, आमच्याकडेच राहायची. एका शाळेत शिकवायची. तिचं लग्न झालं होतं आणि ती परत आली होती एवढंच आम्हाला ठाऊक होतं. का आली, हे विचारायचं नसतं हेही कोणी न सांगता ठाऊक होतं. नागपूरहून मामा येताना 'चांदोबा'चे अंक आणायचा, ते ती आमच्याआधी वाचून काढायची. वेताळाची गोष्ट सांगताना प्रश्नाशी थांबून उत्तर आमच्याकडून मागायची. आम्ही दिलेलं उत्तर चुकीचं असलं तरी तेच पुढे चालवायची. राजाच्या खांद्यावरचा वेताळ आमच्या उत्तरांनी गोंधळून जायचा.

तिची माझी सगळ्यात आवडती गोष्ट मात्र कुठल्या अंकात नव्हती. ती नर्मदेची. जबलपूर, मंडला, अमरकंटक, त्या सगळ्या पट्ट्यात ती घरोघर सांगतात. मेकल राजाची मुलगी नर्मदा. जो गुलबकावलीचं फूल आणील त्याला मुलगी देईन, असा राजाचा पण. शोणभद्रानं फूल आणलं, लग्न ठरलं. नर्मदेनं त्याला पाहिलं नव्हतं. तिला राहवेना. तिनं जोहिला नावाच्या सखीला आपले कपडे-दागिने घालून निरोप घेऊन पाठवलं. शोणाला वाटलं हीच नर्मदा. जोहिलानंही 'मी ती नव्हे' असं सांगितलं नाही. बराच वेळ वाट पाहून नर्मदा स्वतः गेली, दोघांना एकत्र पाहिलं आणि तिथल्या तिथे पाठ फिरवून पश्चिमेला चालू लागली. जन्मभर कुमारी राहिली.

नकाशा काढून बघा, गोष्ट किती चोख आहे. नर्मदा आणि शोण दोघांचा उगम अमरकंटकचा. शोण तिथल्या कड्यावरून पलीकडे उडी घेतो आणि शेवटी गंगेला मिळतो. जोहिला त्यालाच जाऊन मिळते. नर्मदा एकटी उलट दिशेला, थेट अरबी समुद्राकडे. ज्या कुणी आजीबाईनं ही गोष्ट पहिल्यांदा रचली तिला तिन्ही नद्यांच्या वाटा तोंडपाठ असणार.

हीच गोष्ट आजीही सांगायची. पण आजीची नर्मदा थोडी उतावळी होती. "एकदा विचारायला काय झालं होतं तिला?" असं म्हणून आजी शेवटी हात जोडायची. आत्याची गोष्ट पाठ फिरवल्यावर संपायची नाही, तिथून सुरू व्हायची. नर्मदा चालत चालत मंडल्याला आली. मग जबलपूरला आली. पुढे धुवांधारपाशी जमीनच सरकली, ती खाली कोसळली आणि तिच्या आदळण्यानं धूर उठला. उठली, पुढे गेली, तर संगमरवराचा डोंगर आडवा. मग तिनं काय केलं? आम्ही गाद्यांवर उठून बसायचो. "कापला!" एका सुरात.

ती गोष्ट मी पहिल्यांदा ऐकली ती रात्र मला पक्की आठवते. मी सात वर्षांची होते. त्या दिवशी कोणी पाहुणे आले होते आणि आम्हा मुलांना उजेडीच वर पाठवून दिलं होतं. जेवणही गच्चीवरच आलं. खालून आजोबांचा आवाज येत होता, मग बराच वेळ कुठलाच आवाज नाही. अंधार पडल्यावर आत्या वर आली, माझ्या शेजारी आडवी झाली आणि कोणी न मागता तिनं गोष्ट सुरू केली. मी विचारलं, "मग शोणला नंतर कळलं का, की ती खरी नर्मदा नव्हती?" आत्या म्हणाली, "कोण जाणे. झोप आता."

आता आत्याच्या थापांबद्दल सांगते. तिच्या बऱ्याच गोष्टी आम्ही थापा म्हणूनच ऐकायचो. बडा शिमला टेकडीत राक्षसापेक्षा मोठ्या जनावराची हाडं सापडली आणि ती सापडवणारा तो ठगांना पकडणारा इंग्रज साहेब होता, ही त्यांतली एक. ठग, राक्षसी जनावर आणि साहेब, तिन्ही एकाच गोष्टीत! इतकं कुठे असतं का? तर असतं. कॅप्टन स्लीमननं १८२८ साली जबलपूरच्या त्याच टेकडीत जीवाश्म झालेली हाडं उचलली. ती डायनोसॉरची होती. पण 'डायनोसॉर' हा शब्दच तोवर जन्माला आला नव्हता, तो १८४२ चा. लिडेकर नावाच्या शास्त्रज्ञानं १८७७ मध्ये त्या प्राण्याला 'टायटॅनोसॉरस इंडिकस' असं नाव दिलं. पुढे ते हाड कुठे गेलं याचा पत्ता नव्हता, आणि २०१२ मध्ये कोलकात्याला भूगर्भ सर्वेक्षण खात्याच्या संग्रहात ते पुन्हा सापडलं. पुण्यात पेपरात ही बातमी वाचून मी फोनकडे हात नेला आणि थांबले. आत्या जाऊन वर्ष झालं होतं.

मोगलीसुद्धा आम्ही तिच्याच तोंडून ऐकला, तोही आगगाडीत. नागपूरला मामाकडे जाताना कधीमधी हौसेनं छोट्या लाईनच्या गाडीनं जायचो. जबलपूरहून नैनपूर, तिथे गाडी बदलायची, मग सिवनी, छिंदवाडा आणि नागपूर. इतकी सावकाश, की चढावर मोठी मुलं उतरून शेजारून चालायची. किपलिंगचं 'जंगल बुक' १८९४ मधलं. त्यातले लांडगे सिवनीच्या डोंगरातले. सिवनी जवळ आलं की आत्या आवाज खाली आणायची. पुढच्या पिढीनं मोगली दूरदर्शनवर पाहिला, त्यांचा तो टीव्हीतला. आमचा खिडकीबाहेर होता. ती छोटी लाईन आता मोठी झाली. गाडी धडाडत जाते आणि लांडग्याला दिसण्याइतका वेळ कोणी देत नाही.

या वेळी नातीला मी आधी मदनमहालच्या टेकडीपाशी नेलं. वर गोंड राजांची छोटी गढी आहे. राणी दुर्गावतीची गोष्ट इथली, १५६४ मध्ये अकबराच्या फौजेशी लढताना गेलेली राणी. खाली आहे तो बॅलन्सिंग रॉक. एका खडकावर दुसरा अवाढव्य खडक नुसता टेकलेला, हात लावला तर घरंगळेल असं वाटावं. २२ मे १९९७ च्या पहाटे जबलपूरला मोठा भूकंप झाला. माणसं गेली, घरं पडली. हा खडक हलला नाही. त्या दिवशी दुपारी मोठ्या मुश्किलीनं आत्याशी फोन लागला तर ती म्हणाली, "स्वयंपाकघराच्या भिंतीला भेग गेलीय. आम्ही बरे आहोत. आणि ऐक, लगोरी जागेवर आहे."

लगोरी म्हणजे हाच खडक. तिच्या गोष्टीत दोन राक्षस भाऊ इथे लगोरी खेळत होते. दोनच दगड रचून झाले होते आणि आईनं जेवायला हाक मारली. ते गेले, ते परत आले नाहीत. का आले नाहीत याचं फार छान कारण होतं. ते ऐकून आम्ही दरवेळी हसायचो. मला ते आठवत नाही. भावाला विचारलं, चुलत बहिणीला विचारलं. गोष्ट सगळ्यांना आठवते, कारण कोणालाच नाही. मी तिला कितीदा म्हटलं होतं, आत्या, एकदा टेपरेकॉर्डर घेऊन येते आणि तुझ्या सगळ्या गोष्टी भरून घेते. ती म्हणायची, ये, मी कुठे पळून चाललेय. मुलांच्या परीक्षा, सासूबाईंचं आजारपण, मग माझी नोकरी. रेकॉर्डर जुने होऊन बंद पडले, मोबाईल आले, मोबाईलमध्ये सगळं भरून घेता यायला लागलं. मी गेले नाही असं नाही. गेले तेव्हा लग्नं होती, मुंजी होत्या, घर माणसांनी भरलेलं होतं.

नातीला मी खडकासमोर उभं करून विचारलं, ते राक्षस का परत आले नसतील? ती जराही विचार न करता म्हणाली, "जेवताना त्यांना मोबाईल मिळाला असेल." आत्या असती तर हेच उत्तर पुढे चालवलं असतं.

भेडाघाट गावापासून वीस-बावीस किलोमीटरवर आहे. तुम्ही जाणार असाल तर पावसाळ्यात जाऊ नका, नावा बंद असतात. ऑक्टोबरनंतर जा. जमलं तर पौर्णिमेच्या आसपास जा, चांदण्यात ते कडे पाहिले की दिवसा पाहिलेले वेगळे होते असं वाटतं. आधी धुवांधार बघा. जवळ जाताच तुषारांनी चष्मा भिजतो. पुसायच्या भानगडीत पडू नका. वाटेवर मऊ दगडाच्या कोरीव वस्तूंची दुकानं आहेत. आमच्या नातीनं तिथे दगडी कासव घेतलं. वर टेकडीवर चौसष्ट योगिनींचं देऊळ, हजारेक वर्षांपूर्वीचं, कलचुरी राजांच्या काळातलं. उघड्या आभाळाखाली गोल ओवरी आणि तिच्यात बसलेल्या योगिनी, कितीतरी भंगलेल्या. लहानपणी आम्ही त्या मोजायला लागायचो आणि दरवेळी आकडा वेगळा यायचा. आत्या म्हणायची, "एकदोघी पाणी प्यायला जातात."

मग पंचवटी घाटावरून नाव. इथले नावाडी वल्ही मारता मारता यमकं जुळवून कड्यांची माहिती सांगतात. कुठल्या सिनेमाचं शूटिंग कुठे झालं हे तर त्यात हवंच. राज कपूरच्या 'जिस देश में गंगा बहती है'पासून ते हृतिक रोशनच्या मगरीपर्यंत. नातीला त्यांचं बोलणं इतकं आवडलं, की पहिली दहा मिनिटं तिनं माझ्याकडे पाहिलंही नाही. कडे पांढरे, मग निळसर, मग गुलाबी. पाणी खोल, हिरवं, इतकं शांत की थोड्या वेळापूर्वी धुवांधारला आदळलेलं पाणी हेच, यावर विश्वास बसत नाही. बंदरकुदनी आली. माकड-मगरीची गोष्ट मी तिथेच सांगितली. काळीज झाडावर राहिलं म्हणणारं माकड, भाबडी मगर. पंचतंत्रात ही गोष्ट 'लब्धप्रणाश' या भागात येते, म्हणजे मिळालेलं गमावणं. लहानपणी माकड सुटलं याचा आनंद व्हायचा. मित्र गमावलेल्या मगरीकडे माझं लक्ष आता कुठे जातं.

मग तिनंच विचारलं, "आजी, ही नदी दगडातून कशी गेली?"

मी नर्मदेची गोष्ट सांगायला घेतली. आत्याची. आणि सांगता सांगता मला ती सातव्या वर्षाची रात्र आठवली. त्या रात्री आलेले पाहुणे म्हणजे आत्याचे यजमान होते. तिला परत न्यायला आले होते, बरोबर दोन वडीलधारी माणसं घेऊन. आईनं मला हे सांगितलं तेव्हा माझं स्वतःचं लग्न होऊन दहा वर्षं झाली होती. आजोबा तिला समजावत होते, आजीही समजावत होती, तीन तास. आत्या आतल्या खोलीच्या दारात उभी होती. ती फक्त 'नाही' म्हणाली आणि ते लोक गेल्यावर गच्चीवर आली. १९६८ साल. आजी तिच्याशी त्यानंतर दोन महिने बोलली नव्हती. आणि मला आठवत होतं ते एवढंच, की त्या दिवशी जेवण गच्चीवर मिळालं होतं आणि मजा आली होती.

नावेत मी "मग तिनं काय केलं?" म्हणून थांबले. नातीला उत्तर माहीत नव्हतं. नावाड्याला होतं. त्यानं वल्हं उचलून कड्याकडे दाखवलं आणि हिंदीत म्हणाला, "काट दिया, और क्या!"

नात थोडा वेळ गप्प बसली. मग विचारलं, "पण शोणला नंतर कळलं का?"

मी 'कोण जाणे' म्हणणार होते. म्हटलं, "कळलं असेल. तो न्यायलाही आला असेल. पण ती तोवर इथपर्यंत आली होती."

दुसऱ्या दिवशी जुन्या घरावरून गेलो. तिथे आता चार मजली इमारत आहे, खाली कोचिंग क्लास. गच्ची कुठे होती ते मी हवेत बोट करून दाखवलं, नातीनं मान हलवली. तिला कमानिया गेटकडच्या खव्याच्या जलेबीची घाई होती. काळपट, जाडजूड, गरम. आत्याला डायबेटिस होता तरी महिन्यातून एक ती खायचीच. आम्ही तिघींच्या हिशेबानं घेतल्या आणि दोघींनी संपवल्या. संध्याकाळी ग्वारीघाटला पानांच्या द्रोणात दिवे सोडले. नातीचा दिवा एका पायरीला अडकला, तिनं वाकून तो ढकलला.

परतीच्या गाडीत तिनं आईला फोन लावला आणि पहिलं हेच सांगितलं, की मला एक गोष्ट येते. मग अर्ध्या इंग्रजीत, मधूनच नावाड्याच्या हिंदीत, तिनं सगळी नर्मदा सांगितली. तिच्या गोष्टीत जोहिला बेस्ट फ्रेंड झाली होती. गुलबकावलीचं नाव तिला आठवेना, म्हणून फूल गुलाबाचं झालं. शोण मागून धावत आला, पण वाटेत त्याला दोन राक्षस भाऊ भेटले आणि तो लगोरी खेळत बसला. मी मध्ये बोलले नाही.

तेवढ्यात गाडी पुलावर आली आणि डब्यातून 'नर्मदे हर' असा आवाज उठला. मी पर्समधून दोन नाणी काढली. नातीनं फोन कानाला तसाच धरून एक नाणं खिडकीतून टाकलं आणि फोनमध्ये ओरडली, "मम्मा, ऐक ना, ती इथे पण आहे! ती आमच्याच साइडला चाललीय!"